फुटलं नव्हतं, मग घाई कशाला?

पत्र

नमस्कार डॉक्टर,

माझ्या मुलीला २४ आठवडे पूर्ण झाले होते तेव्हा तिच्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीच्या आसपास, मग उजवीकडे. नंतर दोन उलट्या झाल्या. गरोदरपणात उलट्या कुणाला होत नाहीत? मी फोनवर म्हटलं, पित्त असेल, पडून राहा. पण जावई तिला रात्रीच हॉस्पिटलात घेऊन गेले. सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलंच नाही. रक्तात पांढऱ्या पेशी १४,००० निघाल्या, पण गरोदर बाईला एवढ्या असू शकतात असं तिथले डॉक्टरच म्हणाले. मग एमआरआय काढला, अपेंडिक्स १० मिलिमीटरपर्यंत सुजलंय म्हणाले आणि सकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन करून मोकळे झाले. मी पोचले तेव्हा ती भुलीतून बाहेरसुद्धा आली होती.

आता तपासणीचा रिपोर्ट आलाय. त्यात स्पष्ट लिहिलंय की अपेंडिक्सला सूज होती, पण ते फुटलेलं नव्हतं. मग एवढी घाई कशाला केली? पोटात गॅस भरला, भूल दिली, इंजेक्शनं दिली, सगळं त्या जिवाच्या शेजारी. अँटिबायोटिक देऊन बाळंतपणापर्यंत थांबता आलं नसतं का? आणि करायचंच होतं तर नेहमीसारखं उघडून करायचं, दुर्बिणीचे प्रयोग गरोदर बाईवर कशाला? तीन आठवडे झाले. मुलगी म्हणते मी बरी आहे, पण मला झोप नाही. बाळ हललं का, हे मी तिला दिवसातून दहा वेळा विचारते. जावयांशी बोलणं टाकलंय, कारण सही त्यांनी केली. आता बाळंतपण नीट होईल ना, की सिझेरियनच करावं लागेल?

– एक आई

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तुम्ही तक्रार म्हणून लिहिली आहे. अपेंडिक्स फुटलं नव्हतं. ऑपरेशन वेळेत झालं, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणत्याही सर्जनला देता येणार नाही.

अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली बारीक नळी. तिचं तोंड बुजलं की आतला स्राव साठतो, दाब वाढतो, भिंत सुजते. दाब आणखी वाढला की भिंतीला रक्त पोचेनासं होतं, ती काळी पडते आणि फुटते. प्रत्येक अपेंडिक्स या टोकाला जातंच असं नाही. पण कुणाचं जाईल आणि किती तासांत, हे आधी खात्रीनं सांगणारी तपासणी आमच्याकडे नाही. त्यातून एक फसवी गोष्ट अशी, की फुटलं की आतला दाब सुटतो आणि दुखणं थोडा वेळ उतरल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात, ‘बघा, गेलं की नाही?’ आणि तिकडे पोटात पू पसरत असतो.

गरोदरपणात हा पू जास्त सहज पसरतो. एरवी आतड्यांवरचा चरबीचा पडदा सुजलेल्या अपेंडिक्सला जाऊन चिकटतो आणि बिघाड एका कोपऱ्यात बंद करून टाकतो. वाढलेलं गर्भाशय हा पडदा बाजूला सारतं. शिवाय जंतुसंसर्गानं गर्भाशय चाळवलं की अवेळी कळा सुरू होऊ शकतात. बाळाला खरा धोका आहे तो इथे.

तुम्ही आकडेही मागाल, म्हणून सांगते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या ३,१३३ गरोदर स्त्रियांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सूज साधी होती त्यांच्यात गर्भ दगावण्याचं प्रमाण शंभरात २ होतं. फुटलेलं किंवा पू झालेलं होतं त्यांच्यात ६. वेळेआधी प्रसूतीचं प्रमाण तसंच ४ आणि ११. जुन्या काळच्या नोंदींमध्ये फुटल्यानंतरचं गर्भहानीचं प्रमाण याहून खूप भयंकर आहे, काहींमध्ये शंभरात ३६ पर्यंत. अमेरिकेतल्या बॅब्लर नावाच्या सर्जननं १९०८ मध्येच लिहून ठेवलं होतं की गरोदरपणातल्या अपेंडिक्सचे मृत्यू हे खरं म्हणजे उशिराचे मृत्यू असतात. तेव्हा अँटिबायोटिकं नव्हती, सोनोग्राफी नव्हती. सगळं बदललं, पण उशीर तेवढाच महागात पडतो.

त्याच कॅलिफोर्नियाच्या अभ्यासात एक आकडा तुमच्या बाजूचाही आहे, तोही लपवत नाही. ज्यांचं पोट उघडलं आणि अपेंडिक्स निरोगीच निघालं, त्यांच्यातही शंभरात ४ गर्भ दगावले आणि १० प्रसूती वेळेआधी झाल्या. म्हणजे ‘शंका आहे ना, काढून टाका’ हे गरोदर बाईच्या बाबतीत चालत नाही. विनाकारण केलेलं ऑपरेशन बाळाला महाग पडू शकतं. या मुद्द्यावर तुमचा संशय अगदी रास्त आहे. फक्त तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं घडलं नाही. तुम्हीच लिहिलेला क्रम परत वाचा: सोनोग्राफीत दिसलं नाही, रक्त तपासून निर्णय होईना, म्हणून एमआरआय काढला आणि सूज दिसल्यावरच सुरी हातात घेतली. घाई करणारा डॉक्टर एमआरआयपर्यंत थांबत नाही.

सोनोग्राफीत अपेंडिक्स न दिसणं हे त्या महिन्यांत नेहमीचंच. गर्भाशय वाढतं तसं ते अपेंडिक्सला वर आणि बाजूला ढकलतं, मधे आतड्यातला वायू येतो. ‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाही’ असं कुणी समजू नये. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात आणि गरोदर बाईसाठी तो शिरेत औषध न सोडताच काढतात. १४,००० पेशींचं म्हणाल तर तो आकडा एकटा काहीच सांगत नाही, ते डॉक्टर खरं तेच बोलले.

आणि त्या उलट्या. पहिल्या तीन-चार महिन्यांतल्या उलट्या आणि सहाव्या महिन्यात अचानक आलेल्या उलट्या यांत फरक आहे. तुमच्या मुलीला आधी दुखलं, मग उलटी झाली. दुखणं बेंबीजवळ सुरू होऊन उजवीकडे सरकलं. पाठ्यपुस्तकात अपेंडिक्सचं वर्णन याच क्रमानं येतं. फोनवरून तुम्हाला पित्त वाटलं यात नवल नाही, गरोदरपणातली निम्मी लक्षणं एकमेकांसारखीच असतात. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी असं दुखू लागलं आणि ते काही तासांत थांबलं नाही, तर पित्ताची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका.

आता अँटिबायोटिकचं. हा प्रश्न मूर्खपणाचा अजिबात नाही. गरोदर नसलेल्या माणसांमध्ये साध्या सुजेवर नुसती अँटिबायोटिकं देऊन बघतात. अमेरिकेत १,५५२ प्रौढांवर केलेला याबद्दलचा मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या दर दहांपैकी तिघांचं अपेंडिक्स ९० दिवसांच्या आत काढावंच लागलं. गरोदर स्त्रियांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. तरी तोच हिशेब तुमच्या मुलीला लावून बघा. २४ व्या आठवड्यापासून ९० दिवस म्हणजे साधारण ३७ वा आठवडा. औषधांनी तात्पुरतं दबलं असतं, तर ते पुन्हा उसळण्याचा सगळा काळ तिच्या गरोदरपणाच्या उरलेल्या महिन्यांवरच आला असता. मग ३२-३३ व्या आठवड्यात, पोट भरून गर्भाशय असताना, हेच ऑपरेशन जास्त अवघड होऊन समोर आलं असतं. म्हणूनच गरोदरपणात पक्कं निदान झालं की ऑपरेशन हाच पहिला उपाय मानला जातो. औषधांवर थांबतात ते निवडक परिस्थितीत, तेही हॉस्पिटलात ठेवून, रोज पोट तपासत. घरी पाठवून नव्हे.

तुमचा सगळ्यात मोठा धसका गॅसचा आहे, म्हणून ऑपरेशनच्या टेबलावर सहसा काय होतं ते नीट सांगते. तुम्हाला बाहेरच्या बाकावरही बसता आलं नाही, तेव्हा निदान एवढं तरी.

आत नेण्याआधी बाळाचे ठोके ऐकतात. टेबल थोडं डाव्या कुशीला कलतं करतात, कारण उताणं झोपवलं तर गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, आईचं ब्लडप्रेशर उतरतं आणि बाळाचा पुरवठाही. भूलतज्ज्ञ झोपेचं औषध दिल्याबरोबर झटकन श्वासनलिकेत नळी घालतात. गरोदर बाईच्या पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जाण्याची भीती जास्त, म्हणून ही चपळाई. मग सर्जन हातानं चाचपून गर्भाशय कुठवर आलंय ते बघतो. सहाव्या महिन्यात ते बेंबीच्या वर सरकलेलं असतं. म्हणून पहिलं छिद्र बेंबीत न पाडता त्याच्याही वर काही बोटं सोडून घेतात, पुष्कळदा थर उघडत, डोळ्यांनी बघत. या ऑपरेशनात गर्भाशयाला इजा होण्याचा जो धोका असतो तो मुख्यतः या पहिल्या पायरीला. म्हणूनच नवशिक्याच्या हाती हे काम देत नाहीत. बाकीची दोन छिद्रं कॅमेऱ्यातून बघत पाडतात, त्यातली एक-दोन तर पाच मिलिमीटरची. अपेंडिक्सची रक्तवाहिनी बंद करायची, बुडाशी फास बांधायचा, कापायचं, छोट्या पिशवीत घालून बाहेर काढायचं. गर्भाशयाला हात लावायचं कामच पडत नाही.

तो गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, तोच जो आपण प्रत्येक उच्छ्वासातून बाहेर टाकतो. दाब १० ते १५ मिलिमीटर पाऱ्याएवढा ठेवतात. जोरात खोकल्यावर किंवा कुंथल्यावर पोटातला दाब क्षणभर याहून जास्त चढतो, आणि गरोदर बायका खोकतातच की. भीती दाबापेक्षा वेगळी आहे: हा गॅस रक्तात शोषला जातो, आईच्या रक्तात तो साठला तर बाळाच्या रक्तातली आम्लता वाढेल. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंही होतं. म्हणून आईच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड भुलीच्या यंत्रावर सतत मोजतात आणि वाढताना दिसला की श्वासाचा वेग बदलतात. काम संपलं की गॅस सोडून देतात, उरलेला एक-दोन दिवसांत श्वासावाटे जातो. तिचा खांदा दोन दिवस दुखत होता का? पुष्कळ जणींना दुखतो, आणि घरच्यांना वाटतं काहीतरी वेगळंच झालं. तो उरलेला गॅस श्वासपटलाला टोचत असतो, एवढंच.

भुलीबद्दल थोडक्यात. आज नेहमीच्या मात्रेत वापरली जाणारी भुलीची औषधं माणसाच्या गर्भात व्यंग निर्माण करतात असं कुठल्याही महिन्यात दिसून आलेलं नाही. शिवाय बाळाचे अवयव घडण्याचा नाजूक काळ पहिल्या तीन महिन्यांचा. तुमची मुलगी तो कधीच ओलांडून आली होती. गरजेची शस्त्रक्रिया गरोदरपणाच्या कोणत्याही तिमाहीत नाकारू नये, असं अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेनं स्पष्ट लिहून ठेवलंय.

‘प्रयोग’ हा शब्द मात्र मला टोचला. दुर्बिणीतून अपेंडिक्स पहिल्यांदा काढलं गेलं ते १९८० मध्ये, जर्मनीतल्या कील शहरात. काढणारे कुर्ट झेम हे सर्जन नव्हते, स्त्रीरोगतज्ज्ञ होते, आणि आमच्या सर्जन बिरादरीनं त्यांना बरंच छळलं. गरोदर बाईला दुर्बीण लावूच नये असं नंतरही काही वर्षं मानलं जायचं, पुढे फक्त मधल्या तिमाहीत चालेल असं ठरलं, आणि आता कोणत्याही तिमाहीत करता येतं हे मान्य झालंय. या वाटेत एक ठेच लागली होती. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दुर्बिणीच्या गटात गर्भहानी उघड्या ऑपरेशनपेक्षा जवळजवळ दुप्पट दिसली. तुमच्या मनात आलेली शंका तेव्हा भल्याभल्यांच्या मनात आली होती. पण त्या निष्कर्षाचं बहुतेक वजन एकट्या कॅलिफोर्नियाच्या अभ्यासावर पडलं होतं. पुढच्या विश्लेषणांत तो बाजूला काढून बघितल्यावर दोन पद्धतींतला फरक ठोस उरला नाही. उलट जखमेत पू होण्याचं प्रमाण आणि हॉस्पिटलातले दिवस दुर्बिणीत कमी.

‘सरळ उघडून’ हे सहाव्या महिन्यात वाटतं तेवढं सरळ नसतं. अपेंडिक्स जागेवरून हललेलं, मग चिरा कुठे द्यायचा? चुकला तर वाढवायचा. वाढत्या पोटावर मोठी जखम, ती दुखणार म्हणून जास्त वेदनाशामकं, बाई लवकर उठणार नाही, आणि गरोदरपणात पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती आधीच जास्त. दुर्बिणीतून सगळं पोट बघता येतं. दुखणं अंडाशयाला पीळ पडल्याचं असेल तर तेही तिथेच कळतं आणि सोडवता येतं. शेवटच्या दोन महिन्यांत जागाच उरत नाही, तेव्हा कित्येक सर्जन उघडूनच करतात, आणि त्यातही काही चूक नाही. ज्याचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती पद्धत त्या पेशंटला बरी, हे माझं मत.

जावयांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लिहिलंत, म्हणून बोलते. तुमची मुलगी सज्ञान आहे, शुद्धीवर होती. अशा वेळी संमती तिची असते, नवऱ्याची सही सोबतीला. त्यांना गुन्हेगार ठरवलंत तर गुन्ह्यात लेकही आली. तुमचा राग ऑपरेशनपेक्षा, सगळं उरकल्यावर तुम्ही पोचलात याचा जास्त असावा असा माझा अंदाज आहे. तो राग खोटा नाही, पण त्या रात्री फोनवर तुमची परवानगी येईपर्यंत थांबायचं ठरलं असतं, तर तुम्ही पित्तच म्हणाला असतात. आणि ‘बाळ हललं का’ हे दहादा विचारणं बंद करा. तुमच्या प्रत्येक फोननंतर ती पोटावर हात ठेवून श्वास रोखून बसत असणार. हालचाल कधी आणि कशी मोजायची ते तिच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं ती करेल.

आता पुढचं. ऑपरेशनमुळे वेळेआधी कळा सुरू होण्याचा काळ मुख्यतः पहिला आठवडा. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या ७७८ स्त्रियांच्या नोंदींत आठवडा पार पडल्यानंतर तो जादा धोका दिसला नव्हता. तुमचे तीन आठवडे झालेत. अपेंडिक्सच्या ऑपरेशनमुळे सिझेरियन करावं लागत नाही. गर्भाशयाला टाका पडलेला नाही, आणि पोटावरच्या छोट्या जखमा बाळंतपणाच्या कळांपर्यंत पक्क्या भरलेल्या असतील. पोट वाढताना त्या व्रणांना खाज सुटेल, ताण जाणवेल, ते नेहमीचं. सिझेरियन झालंच तर ते दुसऱ्या कारणानं होईल, तेव्हा जावयांना पुन्हा धरू नका.

दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. घरात पडलेल्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकच्या गोळ्या मात्र २० आठवड्यांनंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका, त्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि तो रिपोर्ट तिच्या गरोदरपणाच्या फाइलमध्येच लावा. बाळंतपणाच्या वेळी ड्युटीवर दुसरेच डॉक्टर असले तर पोटावरचे व्रण कसले, हे त्यांना विचारत बसावं लागणार नाही. ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, ठरावीक अंतरानं पोट घट्ट होऊ लागलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर मला पत्र लिहू नका. जावयांना गाडी काढायला सांगा आणि थेट हॉस्पिटल गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.